चित्राचा फोटो अपलोड करायच्या आधी हे करा

वेबसाइटवर आपली चित्रं टाकणाऱ्या सगळ्यांना सांगणं आहे, फोटो कॅमेऱ्यातून आला तसा आयएमजी आणि पुढे चार आकडे अशा नावाने चढवू नका, कारण चित्रात काय आहे हे समजायला गूगल फाइलचं नाव, ऑल्ट टेक्स्ट (फोटोला जोडलेलं त्याचं लेखी वर्णन) आणि फोटोच्या आजूबाजूचा मजकूर पण बघतं. नाव साधं ठेवा, कावी-पेंटिंग-मोर असं (कावी म्हणजे चुन्याच्या भिंतीवर तांबड्या रंगात काढायची गोवा-कोकणातली चित्रकला), मधे हायफन, अंडरस्कोर नको. ऑल्ट टेक्स्टमध्ये दिसतं तेच एका वाक्यात लिहा, म्हणजे 'पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर तांबड्या रंगात कावी पद्धतीचा मोर'. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या अंध माणसांना हेच ऐकू येतं, मला तर हे कारण रँकिंगपेक्षा, म्हणजे गूगलच्या शोधात वर दिसण्यापेक्षा, मोठं वाटतं.

चित्राचं शीर्षक 'शांतता' असेल तर राहू दे की, पण खाली माध्यम, साइज आणि गाव लिहाच, कारण गिऱ्हाईक शांतता शोधत नाही, तो 'आझुलेज नेमप्लेट पणजी' असं टाइप करतो (आझुलेज म्हणजे पोर्तुगीज धाटणीची रंगवलेली टाइल). मेटा कीवर्ड, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहायचे शोधशब्द, भरत बसू नका, रँकिंगसाठी ते वापरत नाही असं गूगलनेच २००९ मध्ये सांगितलंय. आणि म्हापशात, मडगावात कुठे स्टुडिओ असेल, लोक येऊन बघत असतील, तर गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल सर्च आणि मॅप्सवर दिसणारं तुमच्या जागेचं पान, फुकट आहे, ते आजच उघडा.