कानाच्या रिकन्स्ट्रक्शननंतर घरी या चुका टाळा

मायक्रोशियाचं, म्हणजे जन्मतःच बाहेरचा कान लहान किंवा अर्धवट असण्याचं ऑपरेशन झालं, बरगडीची कूर्चा (लवचिक मऊ हाड) काढून मुलाचा नवा कान बनवला, की घरातल्या सगळ्यांचं लक्ष कानाकडे आणि पोरगं मात्र छाती धरून रडतं. घाबरू नका, सुरुवातीला कानापेक्षा बरगडीच जास्त दुखते. पण दुखतंय म्हणून ते खोल श्वास घेत नाही, खोकला दाबून धरतं आणि आपणही राहू दे म्हणतो, मग कफ साठतो. छातीशी उशी घट्ट धरायला द्या आणि मग खोकायला लावा. पेनकिलर डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेलाच द्या, रडायची वाट बघू नका. दम लागला किंवा श्वास घेताना त्रास झाला तर मात्र घरी थांबायचंच नाही, लगेच हॉस्पिटल.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कानावर दाब. नव्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, वरच्या पातळ कातडीवरच ती जगते, कातडी दाबली गेली की रक्त थांबतं, ती काळी पडते आणि आतली कूर्चा उघडी पडू शकते. म्हणून मुंबईहून ऑपरेशन करून नाशिकला येताना पोराला खिडकीला टेकून झोपू देऊ नका, कसारा घाटात डोकं नक्की काचेवर आपटतं. ऑपरेशनची बाजू मोकळी ठेवा, मानेला यू आकाराची उशी लावा. थंडीत आपल्याकडे आजी लगेच घट्ट कानटोपी चढवते, त्यापेक्षा सैल स्कार्फ बरा. मास्क डोक्यामागे बांधायचा घ्या, चष्म्याची काडी टेकत नाही ना बघा, हेल्मेट डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. आणि कपडे पुढून बटणाचे, डोक्यातून ओढायचा टीशर्ट कानाला अडकतो.

हळद, खोबरेल, तूप काहीही लावू नका प्लीज, कितीही प्रेमाने कुणी सांगितलं तरी. डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढं पुरे. आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात उडी मारायचा हट्ट धरला तर जखम पूर्ण भरेपर्यंत ठाम नाही म्हणा, सगळे उतरतात ते पाणी ताज्या जखमेसाठी नाही.

एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, नवा कान बरेच महिने बधिर असतो. हेअर ड्रायर किंवा शेकायची पिशवी लावली तर चटका बसलेला पोराला कळणारच नाही.

रोज एकाच उजेडात कानाचा फोटो काढा. कातडी पांढरी, निळी, काळी पडली, कान अचानक फुगून दुखायला लागला, पू, ताप, किंवा आत पांढरं काही दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी सर्जनला फोन करा. नुसती सूज असेल तर धीर धरा, घड्या नीट दिसायला महिने लागतात, आणि कान डोक्यापासून वर उचलायची दुसरी स्टेज असेल तर ती बहुतेक सहाएक महिन्यांनी करतात.

आणि बाहेरचा कान बनवला म्हणजे ऐकू यायला लागेल असं पोराला सांगू नका, त्याची तपासणी आणि उपाय वेगळे असतात. शाळेत मात्र चांगला कान बाईंकडे राहील अशी जागा आत्ताच मागून घ्या.