नोटेशनची फाइल बिघडण्याआधी आणि बिघडल्यावर: एक तयारीची यादी

संगणकावर स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांच्या ‘स्टाफ’वर स्वर मांडण्याची पाश्चात्त्य लिपी, लिहिणाऱ्यांसाठी ही यादी आहे. शाळेच्या वृंदगानाची मांडणी करणारे संगीतशिक्षक, चर्चच्या क्वायरसाठी सोप्रानो ते बेस असे चार आवाज बसवणारे आणि ध्वनिमुद्रणाला व्हायोलिन-चेलोचे पार्ट (एकेका वाद्याची स्वतंत्र पाने) छापून नेणारे अरेंजर असे सगळे त्यांत येतात. उदाहरणे मुख्यतः म्यूझस्कोर या नोटेशन प्रोग्रामची दिली आहेत, कारण तो मोफत मिळतो आणि शिकणाऱ्यांच्या संगणकावर सहज आढळतो. सिबेलियस, डोरिको आणि फिनाले या इतर नोटेशन प्रोग्रामांचा उल्लेख आवश्यक तेथेच केला आहे.

आपला प्रोग्राम राखीव प्रती कोठे ठेवतो हे सर्वप्रथम, सर्व काही सुरळीत असतानाच, शोधून ठेवावे. म्यूझस्कोर ४ मूळ फाइल असलेल्या फोल्डरमध्येच टिंबाने सुरू होणारा ‘एमएससीबॅकअप’ नावाचा फोल्डर तयार करतो आणि त्यात मागच्या जतनाची प्रत ठेवतो. त्या प्रतीच्या नावाच्या शेवटी ~ असे नागमोडी चिन्ह असते. म्यूझस्कोर ३ हीच प्रत मूळ फाइलच्या शेजारी ठेवत असे आणि तिच्या नावाआधी टिंब व नावाअखेर स्वल्पविराम जोडत असे. दोन्ही गोष्टी लपवलेल्या असल्यामुळे विंडोजमध्ये ‘हिडन आयटम्स’ हा पर्याय चालू केल्याशिवाय आणि मॅकमध्ये कमांड, शिफ्ट व टिंब या कळा एकत्र दाबल्याशिवाय त्या दिसत नाहीत. परिणामी, राखीव प्रत शेजारीच असताना काम बुडाले असे समजून लोक पुन्हा पहिल्या बारपासून (उभ्या रेघांमधील ठरावीक मात्रांच्या घरापासून) लिहायला बसतात. सिबेलियस आपण हाताने केलेल्या प्रत्येक जतनाची क्रमांकित प्रत ‘बॅकअप स्कोअर्स’ या फोल्डरमध्ये टाकतो आणि अलीकडच्या २०० प्रती सांभाळतो. हा आकडा मोठा वाटला तरी तो सर्व कामांचा मिळून असतो, त्यामुळे गडबडीच्या महिन्यात जुनी प्रत लवकर बाहेर पडते. डोरिकोचाही राखीव प्रतींसाठी वेगळा फोल्डर असतो. या सर्व जागांचे पूर्ण पत्ते एका कागदावर लिहून तो कागद संगणकाजवळ ठेवावा. संगणकच सुरू होत नसेल तेव्हा संगणकातली नोंद उपयोगी पडत नाही.

आपोआप जतन होण्याची सोय चालू आहे का ते तपासावे आणि मध्यंतर पाच मिनिटांच्या आसपास ठेवावे, मात्र त्या सोयीकडून फार अपेक्षा ठेवू नये. प्रोग्राम अचानक बंद पडल्यास शेवटची काही मिनिटे वाचवणे एवढेच तिचे काम असते. एखादा बार आतून बिघडला असेल, तर तो बिघाडही ती तितक्याच निष्ठेने जतन करते. मागच्या जतनाच्या प्रतीलाही हीच मर्यादा आहे: बिघाड झाल्यावर एकदा ‘सेव्ह’ दाबले तर मागची प्रत अजून चांगली असते, दुसऱ्यांदा दाबले की चांगल्या प्रतीच्या जागी बिघडलेली प्रत येते. म्हणून विपरीत काही दिसताच ‘सेव्ह’ची सवय आवरावी आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी ‘सेव्ह अ‍ॅज’ वापरून नव्या नावाने जतन करावे. नावात वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने तारीख घालावी, म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरे फायनल’ अशी नावे ठेवणाऱ्यांना सहा महिन्यांनी त्यांतले खरे कोणते हे ओळखता येत नाही.

अशी नवी प्रत बैठकीच्या मध्येही करावी लागते असे काही प्रसंग असतात. चार-चारच्या (४/४) बारांत लिहिलेले गाणे रूपकासाठी सात-आठमध्ये (७/८) बदलणे, अनेक ट्रिप्लेट (दोन स्वरांच्या वेळात बसवलेले तीन स्वर) असलेला मोठा तुकडा उचलून दुसऱ्या वाद्याखाली चिकटवणे किंवा फाइल नव्या आवृत्तीच्या प्रोग्राममध्ये प्रथमच उघडणे हे ते प्रसंग होत. बारमधील मात्रांचा हिशेब येथेच चुकण्याची शक्यता अधिक असते. आवृत्ती बदलताना जुन्या प्रोग्रामची फाइल स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवून ठेवावी, कारण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुना प्रोग्राम बहुधा उघडत नाही.

यानंतरची तयारी माझ्या मते सर्वांत महत्त्वाची असूनही सर्वांत कमी केली जाते: पूर्ण झालेले प्रत्येक काम दुसऱ्या स्वरूपातही काढून ठेवावे. त्याच स्वरूपाच्या दहा प्रती डिस्कच्या बिघाडापासून वाचवतात, पण प्रोग्रामच बंद झाला तर त्यांचा उपयोग उरत नाही. मेकम्यूझिक या कंपनीने १९८८ पासून चालत आलेल्या फिनालेचा विकास थांबवत असल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा अनेकांच्या आयुष्यभराचे काम एकाच प्रोग्रामच्या फायलींत होते. ज्यांच्या संगणकावर फिनाले अजून चालतो त्यांनी संपूर्ण फोल्डर एकदम म्यूझिकएक्सएमएल या सामाईक स्वरूपामध्ये रूपांतरित करण्याची त्यातली सोय आताच वापरावी. पुढे संगणक बदलल्यावर तो प्रोग्राम नव्या यंत्रावर चालेलच असे धरून चालू नये. मायकेल गुड यांनी विकसित केलेल्या म्यूझिकएक्सएमएलची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. बहुतेक सर्व नोटेशन प्रोग्राम हे स्वरूप वाचतात आणि लिहितात. त्यात स्वर, काल, शब्द, स्लर (स्वर जोडून वाजवण्याच्या कमानी) आणि बऱ्याच खुणा टिकतात, पण पानाची मांडणी, हाताने सरकवलेली चिन्हे आणि बारीक सजावट पूर्णपणे टिकत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी संपूर्ण स्कोअरची (सर्व वाद्ये एकत्र असलेल्या प्रतीची) आणि प्रत्येक पार्टची पीडीएफ सोबत ठेवावी. मिडी फाइलही (वादनाची नोंद ठेवणारी फाइल) काढावी, तिच्यावर भिस्त मात्र ठेवू नये: स्वर कोणता आणि किती वेळ वाजला हे तिला कळते, तो कोमल ग म्हणून लिहिला होता की तीव्र रे म्हणून हे तिला कळत नाही.

प्रती कोठे ठेवायच्या याबाबत थोडक्यात असे, की एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर असावी. आपोआप जुळणाऱ्या क्लाउड फोल्डरला तिसरी प्रत मानताना सावध राहावे, कारण बिघडलेली किंवा पुसलेली फाइलही तेथे तितक्याच तत्परतेने पोहोचते. तेथील खरा उपयोग जुन्या आवृत्त्यांचा असतो, पण तोही मुदतीपुरता: गूगल ड्राइव्हवर अशा फायलींच्या जुन्या आवृत्त्या साधारणतः ३० दिवस राहतात. पेन ड्राइव्हवरची फाइल तेथेच उघडून काम करू नये; ती संगणकात उतरवून घ्यावी आणि काम झाल्यावर परत न्यावी. डेस्कटॉप वापरणाऱ्यांच्या यादीत यूपीएस हवाच. जतन चालू असताना वीज गेली, तर फाइलचे नाव आणि आकार यांची नोंद डिस्कवर झालेली असते पण आतला मजकूर पोहोचलेला नसतो, आणि मग योग्य आकाराची, आतून निव्वळ शून्यांनी भरलेली फाइल हाती लागते. ज्या गावांत भारनियमन चालू आहे तेथे हा धोका नेहमीचाच समजावा.

देवनागरी शब्द असलेल्या फायलींसाठी एक वेगळी तयारी लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले गीताचे शब्द दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखे दिसतात आणि फाइल बिघडली अशी समजूत होते. फाइल धडधाकट असते, केवळ तो फॉन्ट तेथे नसतो. असे शब्द वेळीच युनिकोडमध्ये आणावेत. भातखंडे पद्धतीची स्वरलिपी वर्डमध्ये टंकणाऱ्यांपुढील अडचण याहून फसवी आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि सप्तकांसाठी खाली-वर बिंदू असतात. वर्डमधले अधोरेखन हे अक्षराचा भाग नसून सजावट असल्याने मजकूर उचलून साध्या संदेशात चिकटवला की रेघा गळतात आणि कोमल रे शुद्ध होऊन बसतो. अशी बंदिश पाठवायची ती पीडीएफमध्येच पाठवावी.

आता फाइल प्रत्यक्ष उघडत नसेल त्या दिवसाविषयी. प्रथम त्या फाइलची प्रत करून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. फाइल बिघडलेली नसून पुसली गेली असेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही उतरवू नये, परत मिळवून देणारा प्रोग्रामसुद्धा नाही. एसएसडीवर पुसलेली जागा संगणक स्वतःहून रिकामी करत असल्याने तेथे यशाची आशा कमीच असते. मग आधी लिहून ठेवलेल्या कागदावरून राखीव प्रती तपासाव्यात. म्यूझस्कोर ४ ची राखीव प्रत लपलेल्या फोल्डरमधून बाहेर आणून तिच्या नावातील नागमोडी चिन्ह काढले की ती नेहमीसारखी उघडते.

राखीव प्रत न मिळाल्यास बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ठरवावे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. म्यूझस्कोरची ‘एमएससीझेड’ फाइल ही वस्तुतः एक झिप पेटी असून तिच्यात ‘एमएससीएक्स’ नावाचा, साध्या मजकुरात लिहिलेला स्कोअर असतो. पेटी बिघडली असेल तर प्रोग्राम फाइल उघडायलाच नकार देतो. पेटी शाबूत असून आतला हिशेब बिघडला असेल, तर अमुक बारमध्ये अमुक स्टाफवर चार-चार अपेक्षित असताना पाच-चार आढळले अशा स्वरूपाचा इशारा येतो.

पेटीचा बिघाड असल्यास प्रत नोटपॅडमध्ये उघडून सुरुवात पाहावी. पहिली दोन रोमन अक्षरे पी आणि के असतील तर आशा आहे. सर्व पोकळ असेल तर त्या फाइलमध्ये शोधण्यासारखे काही उरलेले नाही, आणि तिच्यावर आणखी वेळ घालवू नये. अक्षरे असतील तर प्रतीचे नाव बदलून शेवटी ‘झिप’ लावावे आणि सेव्हन-झिपने आतला मजकूर बाहेर काढण्याचा प्रयत्न करावा. झिपमध्ये आतल्या गोष्टींची सूची अगदी शेवटी असते, त्यामुळे उतरवताना अर्धवट राहिलेली फाइल सूचीअभावी उघडत नाही, जरी तिच्यातला बराचसा मजकूर असतो. मॅक आणि लिनक्सवरील ‘झिप’ आज्ञेत अशी सूची नव्याने बांधण्याचा पर्याय आहे.

स्कोअरचा मजकूर अर्धाच मिळाला तरी निराश होऊ नये. या फाइलमध्ये सर्व वाद्यांचा पहिला बार, मग दुसरा बार असा क्रम नसतो. आधी पहिल्या स्टाफचे सर्व बार, मग दुसऱ्याचे, असे लिहिलेले असते. म्हणून मध्येच तुटलेल्या फाइलमध्ये बासरी पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण आणि चेलो मुळीच नाही असे चित्र दिसू शकते. आवर्तनांचा पहिला भाग वाचला आणि पुढचा गेला, असा हा प्रकार नव्हे. त्या मजकुराच्या प्रतीच्या नावाअखेर ‘एक्सएमएल’ लावून ती ब्राउझरमध्ये उघडली तर कोणत्या ओळीवर रचना तुटली ते दिसते. शेवटचा अपुरा बार काढून, उघडी राहिलेली खुणांची कंसयुक्त नावे योग्य क्रमाने बंद करून, नाव पुन्हा ‘एमएससीएक्स’ केले की स्कोअर उघडण्याची चांगली शक्यता असते. हे काम सावकाश आणि शक्य तर अशा फायलींची सवय असलेल्या कोणासोबत करावे.

हिशेबाचा बिघाड असल्यास इशाऱ्यातील सर्व बार आणि स्टाफ आधी कागदावर टिपून घ्यावेत. बार मोजताना पानावर छापलेल्या क्रमांकावर विसंबू नये. सुरुवातीचा अपुरा बार त्या क्रमांकात धरलेला नसतो. त्या बारमधील सर्व वाद्यांचे स्वर उतरवून घेऊन, बार निवडून कन्ट्रोल आणि डिलीट या कळांनी तो सर्व स्टाफवरून समूळ काढावा, त्या जागी रिकामा बार घालावा आणि स्वर नव्याने लिहावेत. बिघडलेला बार उचलून दुसरीकडे चिकटवल्यास बिघाडही सोबत जाऊ शकतो, म्हणून तो मोह टाळावा. दुरुस्तीनंतर नव्या नावाने जतन करून, फाइल बंद करून ती पुन्हा उघडावी. इशारा पुन्हा आला नाही तरच काम झाले असे धरावे.

यातले काहीच साधले नाही तर पीडीएफ उरते. ऑडिव्हेरिस हा मोफत प्रोग्राम छापील नोटेशन वाचून म्यूझिकएक्सएमएल तयार करतो. प्रोग्राममधून थेट काढलेल्या स्वच्छ पीडीएफवर त्याचे काम मोबाइलने काढलेल्या छायाचित्रापेक्षा कितीतरी बरे होते, तरी ट्रिप्लेट, दोन आवाजांचे बार आणि गीताचे शब्द एकेक तपासावेच लागतात. पीडीएफही नसेल तर वादकांकडे दिलेले छापील पार्ट गोळा करावेत. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गोव्याच्या वादक-अरेंजरांनी हाताने लिहिलेल्या पार्टांवर अनेक वर्षे काम चालले, तेव्हा कागदावरून पुन्हा स्कोअर उभा करणे यात नवे काही नाही. पार्ट मागवताना वादकांना त्यांवरील पेन्सिलच्या खुणा खोडू नका असे आवर्जून सांगावे, कारण तालमीत बदललेले स्वर, वाढवलेले बो (गज ओढण्याच्या खुणा) आणि गाळलेली आवर्तने बहुधा तेवढ्याच ठिकाणी नोंदलेली असतात आणि हरवलेल्या फाइलमध्येही ती नव्हतीच.