रोजची पर्स घेताना या चुका टाळा

दुकानात पर्स खांद्याला लावली, आरशात पाहिली, आवडली, घेतली. मोठी चूक इथेच होते, कारण तेव्हा पर्समध्ये असतो नुसता कागदाचा बोळा. रोज डोंबिवलीहून सीएसएमटी गाठणाऱ्या बाईच्या पर्समध्ये डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर, किल्ल्या, गोळ्यांची पाकिटं असा संसार असतो. एक लिटर पाण्याचंच वजन एक किलो, त्यावर स्टीलचा डबा. म्हणून खरेदीला जाताना हे सगळं सामान सोबत न्या आणि दुकानदाराला विचारून पर्समध्ये भरून बघा. मी प्रत्येक वेळी विचारते, अजून कोणी नाही म्हटलेलं नाही. डबा आडवा घालावा लागला तर आमटी सांडणार हे नक्की, ती पर्स सोडून द्या. बंद खांद्यावरून घसरतो का, खांद्यात रुततो का, हेही भरल्यावरच कळतं. रिकामी असतानाच जी जड लागते, तिच्याकडे तर पुन्हा बघूच नका.

गर्दीच्या लोकलमध्ये पर्स पोटाशी धरावी लागते. तेव्हा बंद लांब-आखूड करता यायला हवा आणि तोंडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चेन हवी. एका चुंबकी बटणावर विसंबू नका. आतलं अस्तर फिकट रंगाचं घ्या, काळ्या अस्तरात किल्ल्या सापडत नाहीत.

आता रेग्झिनबद्दल, कारण बायकांचे सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. घरातल्या लग्नासाठी मी एक छान काळी पर्स घेतली होती. जपायची म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कपाटात ठेवली. दोन पावसाळ्यांनंतर काढली तर साडीभर काळे पापुद्रे. मला फार वाईट वाटलं होतं. कारण नंतर समजलं. रेग्झिनचा वरचा थर पॉलियुरेथेन (पीयू) या प्लॅस्टिकचा असेल तर हवेतला ओलावा तो थर हळूहळू तोडतो, पर्स वापरा किंवा ठेवून द्या. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर हे लवकर होतं. पापुद्रे सुटू लागले की बूटपॉलिश, गोंद, तेल, कशाचाही उपयोग नाही. त्यामुळे अशी पर्स जपू नका, रोज वापरा, आणि तिला चामड्याचा भाव देऊ नका. ‘पीयू लेदर’ म्हणजे हेच, आणि ‘व्हीगन लेदर’ म्हणून विकलं जातं तेही बहुतेकदा हेच. ओळखायचं असेल तर कापलेली कड शोधा. खिशाच्या आत किंवा बंदाच्या भोकाशी ती दिसते. खाली विणलेलं कापड दिसलं तर रेग्झिन. चामड्याची कड तंतूतंतूंची, खरबरीत असते. पावसाळ्यापुरती मात्र मी नायलॉनचीच सुचवेन. हलकी असते, आणि भिजली तरी रात्रीत वाळते.

चामड्याच्या पर्सवर बुरशी आली तर घाबरू नका. कोरड्या मऊ फडक्याने खिडकीजवळ किंवा बाहेर पुसा, सावलीत वारा लागू द्या. कडक उन्हात टाकलीत तर चामडं ताठ होऊन तडकतं. ठेवताना आत कोरा कागद भरून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको.

चेन ओढली तरी मागून दात उघडेच राहतात? बऱ्याचदा दात धड असतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने रनरच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा, आधी एक, मग दुसरी. जोर लावलात तर तो मोडेल. तरी जमलं नाही तर स्टेशनबाहेरच्या चेनवाल्याकडून फक्त रनर बदलून घ्या, पर्स टाकू नका. बंद सारखा कडीतून निसटत असेल तर कडी नीट बघा. तिची दोन टोकं जोडलेली नसतील, मध्ये फट असेल. पक्कडीने ती फट मिटवा आणि कडी फिरवून जोड शिलाईच्या आत सरकवा.