सोलापूरच्या उन्हाळ्यात लेझर २५ अंशांवर कसा धरून ठेवायचा

जुळे सोलापुरातली वरच्या मजल्यावरची खोली, एप्रिलची दुपार, बाहेर ४२ अंश. सकाळी सातला सुबक निघालेला होलोग्राम (लेझरच्या प्रकाशात काचेवर टिपलेली त्रिमितीय प्रतिमा) दुपारी काही केल्या निघत नाही. टेबल हललं, काच हलली, असे संशय घेऊन झाले की लेझर डायोडला, म्हणजे लेझरचा प्रकाश देणाऱ्या छोट्या भागाला, हात लावून बघा. तापलाय. लाल डायोड एका अंशाने तापला की त्याची तरंगलांबी साधारण ०.२ नॅनोमीटरने सरकते, आणि सरकता सरकता मध्येच उडी मारते. प्रतिमा टिपण्यासाठी काचेवर लेझर पडत असताना उडी बसली की होलोग्राम गेला. कॅमेऱ्याच्या सेन्सरचं दुखणंही असंच: दर सहा-सात अंशांमागे अंधारातला करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही सेन्सरमध्ये वाहणारा करंट, दुप्पट होतो.

एसी लावून हे भागत नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होताना खोली अंश-दोन अंश वरखाली होतेच. आपल्याला चालतो तो फार तर एका अंशाच्या दहाव्या भागाचा फरक, म्हणून थंड करायचा तो फक्त डायोड.

सामान थोडंच आहे. टीईसी१-१२७०६ ही ४० मिलिमीटरची पेल्टियर प्लेट (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी), १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापमान वाढलं की रोध कमी होणारा सेन्सर), डायोड बसेल एवढा ॲल्युमिनियमचा ठोकळा, जुन्या कॉम्प्युटरचा पंख्यासकट हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा पंखेदार ठोकळा) आणि दोन्ही दिशांनी करंट देणारा पीआयडी कंट्रोलर (तापमानातला फरक बघून करंट सतत कमी-जास्त करणारा). रिलेवर चालू-बंद होणारा स्वस्त थर्मोस्टॅट मात्र घेऊ नका. तापमान झोके घेत राहतं आणि सतत तापून-निवून प्लेटचे आतले सांधे तडकतात.

आधी तापमान ठरवा. बहुतेक जण इथेच चुकतात. थंड देशातल्या कुणाचा तरी व्हिडिओ बघून १५ अंश लावतात. आपल्याकडे खोलीच ४० वर, म्हणजे हीटसिंक ५० च्या पुढे. प्लेटला पस्तीसेक अंशांचा फरक ओढावा लागतो. कागदावर तिची मर्यादा ६५ अंशांच्या फरकाच्या आसपास दिसते, पण त्या टोकाला ती उष्णता उचलतच नाही. शिवाय पावसाळा आहे. खोली २८ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर २३ अंशांखालच्या प्रत्येक वस्तूवर दव धरतं, मग लेन्सवरही धरणारच. म्हणून २५. डिसेंबरच्या पहाटे खोली त्याच्याही खाली जाते, तेव्हा प्लेटने गरम करायला हवं. दोन दिशांचा कंट्रोलर त्यासाठीच.

मग हीटसिंक. ठोकळ्यातून काढलेली उष्णता अधिक प्लेटने स्वतः खाल्लेली वीज, असं सगळं ओझं गरम बाजूवर येतं. तीन अँपिअरला नुसती वीजच वीस वॅटच्या वर जाते. प्लेटच्या दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरते, जास्त लावली तर तीच आडवी येते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. प्लेट सिरॅमिकची आहे, एका कोपऱ्यावर जोर आला की चिरते. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर गरम बाजूची उष्णता स्क्रूमधून परत ठोकळ्यात येते. ठोकळ्याभोवती बंद छिद्रांचा फोम गच्च बसवा. सोलापुरी चादर गुंडाळायचा मोह आवरा, तिच्यातून दमट हवा आरपार जाते.

थर्मिस्टर डायोडच्या अगदी शेजारी, ठोकळ्यात बारीक भोक पाडून, पेस्ट भरून बसवा आणि इपॉक्सीने पक्का करा. मी पहिल्यांदा तो चिकटपट्टीने लावला होता. उकाड्यात पट्टीचा गोंद सुटला आणि थर्मिस्टर हवेत लोंबकळला. कंट्रोलरला दिसत होते ३८ अंश, म्हणून तो जीव खाऊन थंड करत राहिला. अर्ध्या तासाने बघतो तर ठोकळा पाण्याने निथळतोय आणि डायोड कायमचा गप्प. बसवण्याआधी थर्मिस्टर पिशवीत घालून बर्फाच्या पाण्यात बुडवा. शून्य अंशाला मीटरवर ३३ किलोओहमच्या आसपास दिसले पाहिजेत.

करंटची मर्यादा तीन अँपिअरच्या आसपास ठेवा. प्लेट सहा अँपिअरची असली तरी करंट वाढवत नेला की तिची स्वतःचीच उष्णता वाढते, आणि एका टप्प्यानंतर ठोकळा उलट तापायला लागतो.

आता पीआयडी, म्हणजे कंट्रोलरचे तीन आकडे: पी आत्ताच्या फरकाला, आय साचत गेलेल्या फरकाला आणि डी फरक बदलण्याच्या वेगाला उत्तर देतो. आय आणि डी शून्य करा. पी हळूहळू वाढवा. तापमान एकसारखे झोके घेऊ लागलं की पी निम्म्यावर आणा. मग आय थोडा थोडा वाढवत २५ आणि प्रत्यक्ष आकडा यांतला फरक मिटवा. प्रत्येक बदलानंतर पाच-दहा मिनिटं थांबा, इथे घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. डी बहुतेक वेळा लागतच नाही.

तपासणी रात्री नको, दुपारी दोन ते चारमध्ये करा, छताचा पंखा चालू ठेवून. ठोकळ्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळा थर्मिस्टर लावून त्याचे आकडे लिहून काढा. कंट्रोलरचा आकडा स्थिर आणि हा मात्र भटकत असेल, तर फोम कुठेतरी उघडा राहिलाय.

आणि लाइटचं बघा. वीज गेली की पंखा थांबतो, हीटसिंकमधली उष्णता प्लेटमधून उलटी ठोकळ्यात शिरते. वीज आली की लेझर लगेच चालू होता कामा नये. ठोकळा २५ वर येऊन दहा मिनिटं टिकला की मगच डायोडचं बटण दाबा.