स्कॉटलंडमध्ये नवीन आलात? आधी 'ग्राउस' समजून घ्या

ऑगस्ट उजाडला की इथल्या पेपरांत आणि हॉटेलांच्या मेन्यूवर 'ग्राउस' दिसू लागतो आणि आपली नवीन मंडळी बुचकळ्यात पडतात. भारतातल्या इंग्रजी पेपरांमुळे आपल्याला त्याचा एकच अर्थ ठाऊक असतो: गाऱ्हाणं. इथे तो आधी पक्षी आहे.

लाल ग्राउस तित्तिराच्या कुळातला. गुबगुबीत, तांबूस तपकिरी, हेदर या माळावरच्या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांवर जगणारा. एडिंबऱ्याजवळच्या लॅमरम्यूर टेकड्यांवर चालताना तो अगदी पायाशी असतो तरी दिसत नाही. मग एकदम फडफडाट होतो आणि 'गो-बॅक, गो-बॅक' असा घोगरा ओरडत जमिनीलगत निघून जातो. (आपल्या माळरानावरच्या पखुर्डीला इंग्रजीत सँडग्राउस म्हणतात, पण तिचं कूळ वेगळं.)

शिकारीचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर. २००३ च्या कायद्याने इथे जबाबदारीने जवळपास कुठेही पायी फिरता येतं, पण माळावर शिकार चालू असेल तर पाटी वाचा, तिथल्या राखणदाराला विचारून वाट धरा. एप्रिल ते जुलै अंडी-पिल्लांचा काळ, तेव्हा कुत्रा दोरीलाच हवा. ताटात ग्राउस आला तर जपून चावा, मांसात छरे राहिलेले असू शकतात.

आता दुसरा अर्थ. तो एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिकांच्या बोलीतून पसरला; पक्ष्याशी त्याचं नातं असल्याचा पुरावा नाही. त्याचं वजन कुरकुरीइतकं. पाऊस थांबेना, बस येईना, की माणसं ग्राउस करतात. स्कॉट मंडळी त्यालाच 'गर्न' किंवा 'मोन' म्हणतील. पक्षी एक असो की दहा, शब्द 'ग्राउस'च. कुरकुरी अनेक झाल्या की 'ग्राउसेस'.

म्हणून कळकळीने सांगते, घराला बुरशी लागली किंवा बिल चुकलं तर पत्रात 'ग्राउस' लिहू नका. 'कम्प्लेंट' लिहा, विषयाच्या ओळीतच. परक्या देशात कशाला वाकड्यात शिरा, म्हणून आपली माणसं फार सोसतात. तक्रार करणं इथे उद्धटपणाचं मानत नाहीत, त्याची ठरलेली वाट आहे. कौन्सिलने (म्हणजे इथल्या नगरपालिकेने) पहिल्या टप्प्यात ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं, दुसऱ्यात २०. तरीही समाधान झालं नाही तर स्कॉटिश पब्लिक सर्व्हिसेस ओम्बड्समनकडे (तक्रारींची स्वतंत्रपणे शहानिशा करणाऱ्या संस्थेकडे) जाता येतं. वीज-गॅस कंपनीने ८ आठवड्यांत प्रश्न सोडवला नाही तर एनर्जी ओम्बड्समन आहे.

नोकरीतल्या अन्यायासाठी शब्द वेगळा, 'ग्रीव्हन्स'. तोही लेखीच द्या. त्यावरच्या बैठकीला सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी सोबत नेण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो जरूर वापरा, एकटे जाऊ नका.