आईवडिलांची सही चालते तोवर करायची कामे

मुंबईतील बहुतेक घरांत आईवडिलांच्या उतारवयाचे नियोजन पहिल्या मोठ्या आजारपणानंतर सुरू होते, आणि तेव्हा पैशांच्याही आधी अडते ती सही. नुसता हात थरथरत असेल आणि बुद्धी शाबूत असेल, तर मार्ग निघतो: रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे सही करू न शकणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा, हाताचा किंवा पायाचाही, दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन पैसे काढता येतात, आणि त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. स्मृतिभ्रंश बळावला किंवा पक्षाघातानंतर आकलनच गेले, तर मात्र हा मार्ग बंद होतो. मुलाच्या नावे मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) केले आहे, एवढ्यावर अनेक कुटुंबे निर्धास्त असतात. परंतु मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता संपली की भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार ते अधिकारही संपतात, म्हणजे ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला नेमक्या त्याच दिवशी तो निरुपयोगी ठरतो. त्यानंतर आईवडिलांचा कायदेशीर पालक (गार्डियन) म्हणून मुलाची नेमणूक व्हावी यासाठी उच्च न्यायालयात जाण्याची वेळ येते. म्हणून पुढील सर्व कामे आईवडील स्वतः विचार करून हो किंवा नाही म्हणू शकतात तोवरच करावीत.

बोलण्याची सुरुवात जागेपासून करू नये. आजारी पडल्यास कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, कोणाकडे राहणे आवडेल, घरी सेवेसाठी बाई ठेवलेली चालेल का, हे आधी विचारावे आणि उत्तर मनाविरुद्ध असले तरी ते लिहून ठेवावे. भावंडांच्या बैठकीत सेवा कोण करणार आणि खर्च कोण देणार हे प्रश्न वेगळे ठेवणे फार गरजेचे आहे. डोंबिवलीच्या सुनेने रात्री उठून सासूबाईंची कूस बदलायची आणि परदेशातील मुलाने फोनवरून चौकशी करायची, ही वाटणी कोणी ठरवलेली नसते, ती होऊन बसते. जो अंगमेहनत करू शकत नाही त्याने दरमहा ठरावीक रक्कम एका वेगळ्या खात्यात जमा करावी आणि त्या खात्याचा हिशेब सर्वांना दिसावा.

सेवेसाठी बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई घेताना बारा तासांची की चोवीस तासांची, तिचे जेवण कोणाकडे, सुट्टीच्या दिवशी बदली कोण देणार, हे लेखी घ्यावे, आणि पोलीस पडताळणी केल्याशिवाय कपाटाच्या किल्ल्या समोर ठेवू नयेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी किंवा संडास गॅलरीच्या टोकाला असलेल्या चाळीतील कुटुंबांनी पर्यायी जागेचा विचार गुडघे चालत असतानाच करावा.

पैशांच्या बाबतीत चांगल्या योजना बऱ्यापैकी ठाऊक असतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 60 वर्षांनंतर 30 लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि व्याज दर तिमाहीला हाती येते. त्याहून दुर्लक्षित राहते ती ठेवींची विभागणी. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आयुष्यभराची पुंजी एकाच ठिकाणी ठेवलेले असंख्य वृद्ध ठेवीदार अडकले. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह 5 लाख रुपयांपर्यंतच आहे, त्यामुळे अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सर्व ठेवी एका बँकेत ठेवणे मला अजिबात योग्य वाटत नाही. घरखर्चाचे एक खाते मात्र 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशा पद्धतीने संयुक्त असावे. वय 70 पूर्ण झालेल्यांना उत्पन्नाची अट न घालता वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळते. पण प्रत्येक खासगी रुग्णालय या योजनेत नाही, म्हणून जवळचे कोणते आहे हे आधीच पाहून ठेवावे.

जागेचा प्रश्न मुंबईत सर्वांत नाजूक असतो. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून नाव लागले म्हणजे सदनिका त्याची झाली, हा समज चुकीचा आहे. नॉमिनी वारसांच्या वतीने जागा सांभाळतो आणि मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी ती करावी, आणि त्याच सुमारास डॉक्टरांकडून मानसिक क्षमतेचा दाखला घ्यावा. पागडीच्या, म्हणजे आधी एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, खोलीचे गणित निराळे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी विचारात घेतला जातो. म्हणून गिरगावात आईजवळ राहणाऱ्या मुलीचे नाव शिधापत्रिकेवर आणि आधारवर त्याच पत्त्याने असणे, तसेच भाडेपावत्या जपणे, तिच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

निवासी जागा मुलाला बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये लागते आणि त्यामुळेच हयातीत बक्षीसपत्र करून टाकण्याची घाई होते. आईवडिलांना माझा आग्रहाचा सल्ला आहे की शक्यतो मृत्युपत्रच करावे, कारण ते कधीही बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर देखभाल करण्याची अट त्यातच स्पष्ट लिहावी. अशी अट मोडल्यास 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडे ते रद्द करण्याची मागणी करता येते. 2022 मधील एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणे आवश्यक मानले होते, आणि 2025 च्या निकालात कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला गेला, तरीही अट लिहिलेली असावी, कारण लिहिलेली अट वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

व्हेंटिलेटरविषयीची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच सांगणाऱ्या पत्राला, मान्यता दिली, आणि 2023 च्या सुधारणेनंतर दोन साक्षीदारांसह नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेले पत्र पुरते. त्याची एक प्रत कौटुंबिक डॉक्टरांकडे द्यावी आणि दुसरी महापालिकेच्या विभाग कार्यालयात जमा करण्याबाबत विचारणा करावी.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावाच लागतो. त्याच आठवड्यात विम्याचे नूतनीकरण, बँकांतील नामनिर्देशन, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट आणि औषधांची यादी एकदा तपासावी, आणि हे सर्व कागद कोणत्या कप्प्यात आहेत ते घरातील किमान दोघांना सांगून ठेवावे.