चोळण्याआधी एक फिल्म काढा

बेळगावात एक्स-रे काढतोय त्याला बावीस वर्षं झाली. मी डॉक्टर नव्हे, पण रोज गुडघे बघतो.

खानापूरकडची एक आई सोळा वर्षांच्या पोराला घेऊन आली. "कबड्डीत पडलाय हो. हाडवैद्याकडनं दोन महिने चोळून घेतलंय, लेप लावलाय." रात्री ठणकतं काय, विचारलं. "झोपंनाच की!" फिल्म आली. गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडाची कड कुरतडल्यासारखी, बाहेर सूर्यकिरणांसारख्या रेघा, वरच्या अंगाला हाडाचं आवरण उचलून झालेला बारीकसा त्रिकोण. हाडाच्या कॅन्सरचा संशय यावा अशा खुणा. मी आईला काही बोललो नाही, फिल्म घेऊन थेट डॉक्टरांच्या खोलीत गेलो.

मार लागल्यानं कॅन्सर होत नाही, मारामुळे दुखण्याकडे लक्ष जातं एवढंच. वाढत्या वयाच्या पोराचा गुडघा किंवा खांदा विश्रांती घेऊनही दुखतोय, रात्री जास्तच, तर चोळणं बंद करा आणि समोरून व बाजूनं असे दोन एक्स-रे काढा. ताप आणि सूज असली की 'हाडात पू झालाय' म्हणतात. ईविंग सार्कोमा हा हाडाचा कॅन्सरही तसाच दिसतो.

मांसातल्या बहुतेक गाठी चरबीच्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या. पण लिंबाहून मोठी, म्हणजे 5 सेंमीच्या वर, वाढत जाणारी, खोल रुतलेली किंवा काढून परत आलेली गाठ असेल तर आधी एमआरआय. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, मांसातला कॅन्सर, म्हणजे सार्कोमा, बऱ्याचदा दुखत नाही.

माझ्या आतेभावाची मांडीतली गाठ एका छोट्या दवाखान्यात एमआरआयशिवाय, आडवा छेद घेऊन काढली. तुकडा तपासायलाही धाडला नाही. आठ महिन्यांत परत आली. सार्कोमा निघाला, आणि त्या आडव्या जखमेपायी दुसऱ्या खेपेला कितीतरी जास्त मांस काढावं लागलं. अजून राग येतो.

म्हणून क्रम पाळा: एक्स-रे, एमआरआय, मग सुईची बायोप्सी, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासणं. सुई लावली की पसरतं, ही भीती सोडा. मात्र पुढं ऑपरेशन करणार त्याच टीमनं ती ठरवावी, कारण सुईची वाट ऑपरेशनच्या छेदातच यायला हवी. छातीचा सीटी चुकवू नका, हा रोग आधी फुप्फुसात जातो.

ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरात साधारणपणे आधी केमो, मग ऑपरेशन, परत केमो. बहुतेकांचा पाय वाचतो, हाडाच्या जागी धातूचा सांधा बसतो. पुढं मूल व्हावं म्हणून केमोआधी पोराचं वीर्य साठवण्याबद्दल लाज न बाळगता विचारा.

कॅन्सरचं हॉस्पिटल बेंगळुरूचं किदवई असो की मुंबईचं टाटा, आधार आणि रेशन कार्डावरचं नाव आधीच जुळवून घ्या. कन्नडातून इंग्रजीत जाताना आपल्या आडनावांचं काय होतं ते ठाऊकच आहे. बायोप्सीची स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे तुकडा बसवलेली मेणाची वडी, ती उन्हात गाडीच्या काचेपाशी ठेवू नका.